आवाजाचं वजन

नवा संगणक टेबलावर स्थिरावला त्या सकाळी बुलेटिनरावांनी घरच्यांना समोर उभं करून जाहीर केलं, की आवाजाच्या बाबतीत या घराला आता कुणापुढेही हात पसरायची गरज उरलेली नाही.

बातमी वाचावी तसंच त्यांनी हे जाहीर केलं. आधी घसा साफ, मग किंचित थांबा, मग वाक्य, आणि वाक्य संपल्यावर ऐकणाऱ्याला टाळी वाजवायचा मोह व्हावा एवढी शांतता. टाळी कुणी वाजवली नाही. बायकोच्या काखेत शाळेतल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. लेकीची ऑफिसची मीटिंग सुरू व्हायची होती. आईनं संगणकाच्या मागे हात धरून पाहिला आणि म्हणाली, "गार हवा येते रे यातून. मफलर घालून बसत जा."

बुलेटिनराव हे नाव इमारतीनं ठेवलेलं. उभी नोकरी त्यांनी रेडिओवर संध्याकाळी सातच्या बातम्या वाचण्यात घालवली. पूर असो, निवडणूक असो, क्रिकेटचा सामना असो, त्यांचा आवाज सगळ्यांना सारखाच न्याय द्यायचा. त्या आवाजात कधी खरखर नाही, अडखळणं नाही, आवंढा नाही. मग निवृत्ती आली आणि या आवाजाला घरात कुठे ठेवायचं हा प्रश्न पडला. निवृत्तीनंतर त्याचा अधिकृत उपयोग एकदाच झाला. इमारतीची पाण्याची टाकी धुवायची होती आणि ती सूचना त्यांनी ग्रुपवर ध्वनिमुद्रित करून टाकली. त्यांनी ती अशी वाचली, की लोकांनी आठवडाभराचं पाणी भरून ठेवलं आणि तिसऱ्या मजल्यावरचं एक कुटुंब नातेवाइकांकडे राहायला गेलं.

रोज संध्याकाळी सात वाजले की त्यांचा घसा आपोआप मोकळा व्हायचा. पुढे काहीच व्हायचं नाही.

अशात एका ध्वनिपुस्तकं काढणाऱ्या प्रकाशनातून एका निर्मातीचा फोन आला. एका घराण्याच्या तीन पिढ्यांची जाडजूड कादंबरी वाचायची होती. दोन आवाज निवडले होते. एक बुलेटिनरावांचा, दुसरा त्यांच्याच केंद्रातल्या त्यांच्या हाताखालच्या निवेदकाचा. हा हाताखालचा इसम केंद्रात 'मधाळ' म्हणून ओळखला जायचा. बुलेटिनरावांच्या मते त्याला वाचता येत नसे, फक्त विरघळता येत असे. दोघांनीही पहिलं प्रकरण आपापल्या घरी मुद्रित करून आज संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं. ज्याचं प्रकरण पसंत पडेल, कादंबरी त्याची.

"घरी मुद्रण जमेल ना तुम्हाला?" निर्मातीनं विचारलं होतं.

"मॅडम," बुलेटिनराव म्हणाले होते, "आमच्या घरात टाचणी पडली तर ती परवानगी घेऊन पडते."

आतल्या लहान खोलीत त्यांनी भिंतींना गाद्या लावल्या. दाराच्या फटीला जुनी चादर कोंबली. टेबलाची मांडणी मात्र हुबेहूब केंद्रातल्यासारखी. ती मापं त्यांनी निवृत्तीच्या दिवशी, निरोप समारंभ चालू असताना, टेपनं मोजून आणली होती. समोर माइक, उजवीकडे कागद, पलीकडे पाण्याचा पेला आणि डावीकडे एक छोटी काळी डबी, जिच्यातून माइकची वायर संगणकात जाते. डोळे मिटून बसलं तर सातच्या बातम्याच.

पहिलं प्रकरण त्यांनी एका दमात वाचलं. वाचून झाल्यावर खुर्चीत मागे रेलले. मधाळबद्दल त्यांना क्षणभर वाईटही वाटलं. मग त्यांनी हेडफोन लावून मुद्रण ऐकायला घेतलं.

कादंबरीत लिहिलं होतं, "आजोबा उठले. घोड्यानं खिंकाळी फोडली."

हेडफोनमध्ये ऐकू आलं, "आजोबा उठले." मग विहिरीच्या तळासारखी शांतता. मग, "खिंकाळी फोडली."

बुलेटिनरावांनी ते पुन्हा ऐकलं. आजोबांनी पुन्हा खिंकाळी फोडली. त्यांनी घाईनं पुढे जाऊन पाहिलं. "वकिलांनी टोपी काढून खुंटीला लावली. अंगणातल्या कोंबडीनं अंडं घातलं," या ठिकाणी कोंबडी साफ गायब होती आणि झाल्या प्रकाराची सगळी जबाबदारी वकिलांवर आली होती.

घराण्याची अब्रू अशी पहिल्याच प्रकरणात जाताना पाहून बुलेटिनरावांनी मेहुण्याला फोन लावला.

मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, एका बँकेच्या संगणक विभागात होता. हा संगणक त्यानंच निवडून दिला होता. निवडताना तो म्हणाला होता, "भावोजी, हा घ्या आणि निर्धास्त झोपा." त्यामुळे फोनवर बुलेटिनरावांनी पहिलं वाक्य टाकलं, "मी जागा आहे."

मेहुणा पाठीवर पिशवी टाकून आला. बहिणीनं दार उघडलं.

"काय झालं गं?"

"आवाज मधेच जातोय म्हणे."

"कायमचा?"

"एवढं माझं नशीब कुठलं," बहीण म्हणाली आणि उत्तरपत्रिकांकडे वळली.

मेहुण्यानं आत जाऊन बाह्या सरसावल्या आणि पडद्यासमोर ठाण मांडलं. "बोला काहीतरी."

बुलेटिनराव माइकसमोर वाकून म्हणाले, "एक, दोन, तीन. एक, दोन, तीन."

त्यानं ऐकलं. सगळे आकडे जागच्या जागी होते. "उत्तम आहे की."

"आकडे नाहीत वाचायचे मला. कादंबरी आहे."

"मग कादंबरी वाचा."

बुलेटिनराव खुर्चीत बसले, पाठ ताठ झाली, कागद उजव्या हातात आला आणि आजोबा उठले. पडद्यावर आवाजाची रेघ डोंगरासारखी वरखाली होत होती. मधेच ती एकदम सपाट झाली, क्षणभर तशीच राहिली आणि पुन्हा उसळली.

"गेला बघा," मेहुणा म्हणाला. "भावोजी, हा बफरचा घोळ आहे. संगणक आवाज घोटाघोटानं पितो. घोट लहान पडतोय, म्हणून सांडतंय. आपण घोट मोठा करू."

घोट मोठा केला. त्याचा परिणाम असा झाला, की बुलेटिनराव बोलले की त्यांचा आवाज हेडफोनमध्ये जरा उशिरानं यायला लागला. आता, समोरचा बोलत असताना आपण बोलायचं नाही हा त्यांचा रेडिओतला संस्कार. ते "आजोबा उठले" म्हणाले. कानात कुणीतरी भारदस्त आवाजात "आजोबा उठले" म्हणालं. ते अदबीनं थांबले. कानातला माणूसही थांबला. दोघांनी एकमेकांची वाट पाहिली. मग दोघं पुन्हा एकदमच सुरू झाले.

"हा कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच आहात, भावोजी."

"चांगलं वाचतो," बुलेटिनराव म्हणाले. "पण मला मधेच तोडतो."

घोट पुन्हा लहान झाला. मेहुण्यानं मग संगणकाच्या पोटातले एकेक कारकून बंद करायला घेतले. हा आपोआप ताजा होणारा कार्यक्रम बंद, तो विषाणू शोधणारा बंद, झोपेची सवय बंद. प्रत्येक वेळी "आता वाचा." प्रत्येक वेळी आजोबा उठत आणि खिंकाळत. शेवटी मेहुणा म्हणाला, "वायफाय. नक्की वायफाय. तो मधे मधे डोकावतो आणि संगणकाचं लक्ष उडतं." असं म्हणून तो बाहेर गेला आणि त्यानं भिंतीवरच्या डबड्याची वायरच उपटली.

पलीकडच्या खोलीचं दार उघडलं. लेक बाहेर आली. वरून ऑफिसचा शर्ट, खालून पायजमा.

"वायफाय कुणी बंद केलं?"

मेहुण्याच्या हातात वायर होती.

"मामा, मी साहेबांना सांगत होते, की आमच्या टीममध्ये एकही अडचण नाही. 'एकही' म्हणताना तोंड उघडं राहिलं आणि तिथेच गोठले. सगळ्या ऑफिसच्या पडद्यावर आत्ता माझे दात आहेत."

"पाच मिनिटं, बाळा," बुलेटिनराव म्हणाले. "इथे साहित्याचा प्रश्न आहे."

"बाबा, तू वाचतोस तेव्हाच का होतं हे? सरक जरा." तिनं बसकण मारली आणि कागदावरचं पान वाचून काढलं. आजोबा उठले, घोडा खिंकाळला, वकिलांनी टोपी काढली, कोंबडीनं आपलं काम चोख केलं. मुद्रणात कुठे म्हणून फट नव्हती.

बुलेटिनरावांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक समाधान पसरत गेलं. हा असा माणूस होता, की कुठल्याही संकटात आपली स्तुती नेमकी कुठे दडली आहे हे त्याला सर्वांत आधी दिसायचं.

"आलं लक्षात," ते म्हणाले. "तुझा आवाज पेलतो. माझा पेलत नाही."

"म्हणजे?" मेहुण्यानं विचारलं.

"वजन. माझ्या आवाजाला वजन आहे. केंद्रातली यंत्रं लोखंडी होती, ती पेलायची. हे तू आणलेलं प्रकरण हलकं आहे. वाक्याची सुरुवात मी जोरकस करतो. तिथेच हे बसतं."

"भावोजी, संगणकाला आवाजाचं वजन कळत नाही."

"तेच तर म्हणतोय मी."

बायको बाहेरून म्हणाली, "घरातली सगळी वजनं मीच उचलते. हेही बाहेर आणून ठेवा."

खरं तर इथे मेहुण्यानं हात जोडून निघून जायचं होतं. पण संगणक त्यानं निवडलेला, आणि भावोजी आता तो 'हलका' आहे असं इमारतभर वाचून दाखवणार, हे त्याला दिसत होतं. बँकेत त्यानं आजवर एकाही यंत्राला हार मानू दिली नव्हती. तो इरेला पेटला. त्याला वीजपुरवठ्याचा संशय आला. फ्रिज बंद झाला. पंखे बंद झाले. मग हवेतून जाणाऱ्या लहरींचा संशय आला. सगळ्यांचे फोन बंद करून कपड्यांच्या कपाटात, हिवाळी कपड्यांच्या आत ठेवण्यात आले. तरीही वकील अंडं घालतच होते.

मेहुण्याची नजर आईकडे गेली. म्हणजे बुलेटिनरावांच्या आईकडे. ती दिवाणावर बसून टीव्हीवरची मालिका पाहत होती. टीव्ही मुका होता. आवाज थेट तिच्या कानातल्या यंत्रात, वायरीवाचून.

"मावशी," मेहुणा हळूच म्हणाला, "ते कानातलं जरा काढता का?"

"का रे? कुणाला हवंय?"

"त्याच्या लहरी आत जातात. भावोजींचा आवाज तुटतो."

आईनं मुलाकडे पाहिलं. मालिकेत सून माहेर सोडून निघाली होती, पण पोटच्या पोरापुढे सुनेचं काय. तिनं दोन्ही यंत्रं काढून रुमालात गुंडाळली. "हं. आता मला काही कळायचं नाही. हाक मारू नका, हलवा." कानात काही नसलं की तिचा स्वतःचा आवाज दुप्पट व्हायचा.

यानंतर मेहुणा जिना चढून वरच्या मजल्यावर गेला. तिथे शिंपीकाकांचं विजेवरचं मशीन चालायचं आणि ते चाललं की खालचे दिवे किंचित मिचमिचायचे. शिंपीकाका हातातल्या अर्ध्या पँटसह खाली आले.

"साहेब, मशीन थांबवायला तुम्ही सांगायला हवं का," ते बुलेटिनरावांना म्हणाले. "सातच्या बातम्या लागल्या की मी रोज थांबवायचो. तुमच्या आवाजात टीप सरळ पडायची नाही. लक्ष तिकडेच."

बुलेटिनरावांना भरून आलं. त्यांनी काकांना हॉलमध्ये खुर्ची दिली. काकांनी तिथे बसून हातानं पायपट्टी घालायला घेतली. घरात आता पंखा नाही, फोन नाही, वायफाय नाही, मशीन नाही. फ्रिजखालून पाण्याची रेघ निघाली होती. लेक पायजम्यावर शाल घेऊन शेजाऱ्यांच्या वायफायच्या शोधात जिन्यात फिरत होती. आणि दुपार उतरणीला लागली होती.

"शेवटचं," मेहुणा म्हणाला. "आता काही राहिलंच नाही बंद करायचं."

"चला," बुलेटिनराव म्हणाले. त्यांनी पेल्यातलं उरलेलं पाणी संपवलं. पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं, की मधाळनं आपलं प्रकरण केव्हाच पाठवलं असेल आणि आता तो आरामात चहा पीत विरघळत असेल. आपल्याला ही कादंबरी मिळाली नाही, तर पुन्हा कुणी विचारायचं नाही. घसा रोज सातला मोकळा होत राहील आणि टाकी वर्षातून एकदाच धुतली जाईल.

ते वाचू लागले. मेहुणा पडद्याला डोळे लावून. बायको दारात उभी, तीही पडद्याकडे बघत. शिंपीकाकाही पँट हातात घेऊन तिच्या मागे आले आणि ती वरखाली होणारी रेघ पाहू लागले. आईला त्या रेघेशी कर्तव्य नव्हतं. तिला ऐकूही येत नव्हतं. खुर्ची ओढून ती उंबऱ्यात बसली आणि करण्यासारखं दुसरं काही नाही म्हणून मुलाला न्याहाळू लागली.

"आजोबा उठले..."

"अरे, ते बोट," आई खणखणीत आवाजात म्हणाली.

बुलेटिनरावांनी हात वर करून तिला गप्प केलं. पुन्हा सुरुवात. "आजोबा उठले..."

"बोट बघ तुझं."

"आई, मुद्रण चालू आहे."

"काय?"

"मुद्रण!"

"हां, तेच. बोट कशाला घालतोस त्यात?"

"गेला," मेहुणा पडद्याकडे बघत हताशपणे म्हणाला. "पुन्हा सपाट."

मग आई उठली. तिच्या उठण्यात एक निश्चय होता, जो बुलेटिनरावांनी लहानपणी अनेकदा पाहिला होता. ती टेबलापाशी गेली, मुलाचा डावा हात मनगटाला धरला आणि त्या काळ्या डबीवरून, भाजी चिवडणाऱ्या पोराचा हात उचलावा तसा उचलला.

"ओठ मिटले, वाक्य संपलं, की हे डबडं दाबतो," ती सगळ्यांना म्हणाली. "मघापासून सांगतेय. वाक्य संपलं की दाब. वाक्य संपलं की दाब. काय आहे त्यात?"

सगळ्यांनी डबीकडे पाहिलं. तिच्यावर एक गोल खूण होती. तिला बोट लावलं की माइक बंद, उचललं की चालू. मेहुण्यानं ही डबी स्वतः जोडली होती आणि दिवसभरात एकदाही तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

बुलेटिनराव आपल्या डाव्या हाताकडे असे बघत होते, की जणू तो हात आत्ताच कुणीतरी बाहेरून आणून त्यांना लावला आहे.

गोष्ट अशी होती. रेडिओवर निवेदकाच्या डाव्या हाताशी एक कळ असते. खोकला आला, शिंक आली, की ती दाबायची. दाबली की माइक मुका. नोकरीच्या सुरुवातीला बुलेटिनराव ती खोकल्याला दाबत. मग आवंढ्याला दाबू लागले. मग त्यांना वाटलं, श्रोत्यांनी आपला श्वास तरी का ऐकावा. दोन बातम्यांच्या मधे कळ दाबायची, श्वास घ्यायचा, कळ सोडायची. पुढे दोन वाक्यांच्या मधे. हे इतकं मुरलं, की बोट फुप्फुसांनाच जोडलं गेलं. उभ्या नोकरीत त्यांचा श्वास कुणी ऐकला नाही. वरिष्ठ म्हणायचे, हा माणूस श्वास घेतो की नाही कोण जाणे. बुलेटिनरावांना ती पदवीच वाटायची. केंद्रातली कळ बोट उचलताक्षणी सुटायची. ही नवी डबी मात्र जरा रेंगाळून सुटत होती, आणि त्या रेंगाळण्यात घोडा आणि कोंबडी जात होती.

"म्हणजे संगणक ठीक होता," मेहुणा म्हणाला. दिवसभरात त्याचा चेहरा पहिल्यांदा उजळला.

"संगणक नवा आहे," बुलेटिनराव म्हणाले. "त्याला शिस्त माहीत नाही."

"शिस्त?" बायको म्हणाली. "फ्रिजमधलं दूध फाटलं."

"एवढ्या वर्षांची साधना आहे ही. बोट आपोआप जातं. हे तुम्हाला दोष वाटतोय, पण देशात असे किती लोक असतील?"

"तुमच्यासारखा एकच," बायको म्हणाली. "आणि तो मला मिळाला."

साधना असो वा नसो, आता ती थांबवणं भाग होतं, आणि ती थांबेना. मेहुण्यानं डबी टेबलाच्या उजव्या टोकाला नेली. बुलेटिनराव वाचू लागले. पहिलं वाक्य संपताच डाव्या हाताचं बोट डबी शोधत निघालं, डबी मिळाली नाही म्हणून त्यानं टेबलावर टकटक केलं आणि ती टकटक मुद्रणात आली. हात मांडीवर ठेवला, तर बोट मांडीत रुतलं आणि कळवळण्याचा सूर आला. हात पाठीमागे बांधायची सूचना शिंपीकाकांनी केली. पायपट्टीची फीत त्यांच्याकडे होती. पण पाठीमागे हात बांधलेला माणूस वाचू लागला की कबुलीजबाब दिल्यासारखा ऐकू येतो, असं निघालं.

"हाताचं काय करायचं?" बुलेटिनराव म्हणाले. संध्याकाळ खिडकीत येऊन बसली होती. आता त्यांच्या आवाजात वजन नव्हतं. "श्वास घ्यायची वेळ आली, की मला तो हात लागतोच."

हे आईला ऐकू आलं नाही. तिला फक्त एवढं दिसलं, की मुलगा रडकुंडीला आला आहे आणि त्याचा हात रिकामा लोंबतो आहे. तिनं खुर्ची टेबलाच्या डाव्या बाजूला ओढली, बसली, आणि त्याचा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून मांडीवर घेतला.

"वाच आता," ती म्हणाली.

बुलेटिनराव वाचू लागले. आजोबा उठले. बोट उचकलं. आईनं ते घट्ट धरलं. जायला कुठेच जागा न उरल्यामुळे श्वास सरळ नाकातून आत आला, सगळ्यांना ऐकू येईल असा. घोड्यानं खिंकाळी फोडली. वकिलांनी टोपी काढली. बोट पुन्हा उचकलं, आईनं पुन्हा दाबलं, आणि श्वास आला. बुलेटिनरावांना लाजेनं घाम फुटला. भर चौकात अंघोळ करत असल्यासारखं त्यांना वाटत होतं. पण हात सुटत नव्हता, म्हणून ते वाचत राहिले. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की आजोबांच्या मरणापाशी श्वास लांब जातो आणि नातवाच्या पळण्यापाशी आखूड होतो. तो तसा का होतो हे त्यांना कळेना. सातच्या बातम्यांत कुणी मेलं तरी असं व्हायचं नाही. दारात बायको उत्तरपत्रिका छातीशी धरून उभी होती आणि तिनं एकदाही घड्याळ पाहिलं नाही. शिंपीकाकांची सुई कापडात तशीच राहिली.

प्रकरण संपलं. मेहुण्यानं अख्खी रेघ तपासली. कुठेच सपाट नव्हती. त्यानं वायफाय जोडलं, लेकीनं घाईघाईनं ते प्रकरण पाठवलं आणि सगळे फोन हिवाळी कपड्यांतून बाहेर आले.

निर्मातीचा फोन यायला फार वेळ लागला नाही. बुलेटिनरावांनी उभं राहून घेतला.

"प्रकरण ऐकलं आम्ही. तुमच्या मित्राचंही ऐकलं."

"मित्र नाही," बुलेटिनराव म्हणाले. "हाताखाली होते."

"त्यांचं फार स्वच्छ आहे. एक श्वास नाही, एक आवंढा नाही. त्यांनी सगळे पुसून काढलेत. आमच्याकडे सगळ्यांना वाटलं, यंत्रानं वाचलंय. तुमचं ऐकताना मात्र माणूस शेजारी बसून वाचतोय असं वाटतं. कादंबरी तुमची. फक्त एक विनंती. तुमचे ते श्वास आहेत ना, ते शेवटच्या पानापर्यंत तसेच ठेवा. त्यांना हात लावू नका."

"हात," बुलेटिनराव म्हणाले, "आईच्या ताब्यात आहे."

निर्मातीला हे कळलं नाही, पण साहित्यिक काहीतरी असावं असं समजून ती हसली.

फोन ठेवून त्यांनी मुख्य बातमी वाचली. लेकीनं मिठी मारली. बायकोनं फाटलेल्या दुधाबद्दल काही बोलायचं टाळलं, म्हणजे तिच्या दृष्टीनं तो हारच होता. शिंपीकाका म्हणाले, इमारतीचं नाव झालं. मेहुणा म्हणाला, संगणकाचं नाव झालं. बुलेटिनरावांनी मोठ्या मनानं संगणक माफ केला. मधाळ माझं तंत्र उचलायला गेला आणि फसला, हेही त्यांनी जाता जाता जाहीर करून टाकलं. मग आईच्या कानात यंत्रं बसवली, तिला मधल्या खुर्चीत बसवलं आणि अख्खं प्रकरण मोठ्या स्पीकरवर लावलं.

आईनं ते डोळे मिटून, मान डोलवत, शेवटापर्यंत ऐकलं. बुलेटिनराव समोर उभे होते. वरिष्ठांची, निर्मातीची, साऱ्या श्रोत्यांची पसंती एका बाजूला आणि ही एका बाजूला, हे त्यांना त्या घडीला पुरतं कळलं होतं.

"कसं वाटलं?"

"छान," आई म्हणाली. तिच्या कपाळावर आठी होती. "पण बाळ, तुला धाप लागते."

"आई, तो श्वास आहे. त्यांना तोच आवडलाय."

"लोकांना काय जातंय आवडायला. बातम्या वाचायचास तेव्हा नव्हतं हे. इतकी वर्षं ऐकलं मी रोज, एकदा धाप नाही. आता बघ, दर वाक्याला धाप लागते. उद्या सकाळी डॉक्टरांकडे जायचं. त्याशिवाय मी हात धरायला बसणार नाही."

कादंबरीची पुढची सगळी प्रकरणं त्या हातावर अवलंबून होती. बुलेटिनराव सकाळी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी छाती ऐकली, पाठ ऐकली, फुंकायला लावलं, आणि गोळी नाही की औषध नाही, एका ओळीचा दाखला लिहून घरी पाठवलं.

आईला तो दाखला बुलेटिनरावांनी दारातच, ताठ उभं राहून, सातच्या बातम्यांच्या आवाजात वाचून दाखवला, "तपासणीअंती रुग्णाची फुप्फुसं, हृदय आणि श्वसनमार्ग पूर्णपणे निरोगी असल्याचं आढळून आलं आहे." ओळ एकच होती. ती त्यांनी एका श्वासात, कुठेही न थांबता, पूर्वीच्या इतमामानं वाचली.

आईनं कान देऊन ऐकलं. तिचा चेहरा मोकळा झाला.

"बघ," ती म्हणाली. "एका खेपेत गेली की नाही धाप. हुशार आहेत हो डॉक्टर."